शिकवणारे हात



आजच्या पाठात एक शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे. तो आधी समजून घेऊ. तो शब्द आहे 'शुश्रूषा'. उच्चाराला थोडा अवघड आणि लिहायला त्याहून अवघड. 'श' आणि 'ष' यांची जागा चुकली की शब्द बिघडतो. पण त्याचा अर्थ तुमच्या घरातलाच आहे. उर्दूत आपण जिला तीमारदारी म्हणतो, तीच शुश्रूषा. आजारी माणसाच्या उशाशी बसणे, त्याला पाणी पाजणे, वेळेवर औषध देणे, कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवणे, रात्री उठून त्याचा ताप पाहणे, हे सारे शुश्रूषेत येते. जी स्त्री हे काम रीतसर शिकून करते तिला मराठीत परिचारिका म्हणतात. बोलताना आपण तिला नर्स म्हणतो.

तुम्ही जालन्याची मुले. मस्तगड तुम्हांला चांगला ठाऊक आहे. काबील खानाने हा गड १७२५ मध्ये बांधला आणि बांधकामाचे साल सांगणारा फारसी लेख तेथे आहे, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात सापडते. गड बांधणाऱ्याचे नाव असे दगडावर राहते. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे नाव सहसा कोठे कोरले जात नाही. रोगी बरा झाला की तो आपल्या कामाला लागतो आणि सेवा करणारी व्यक्ती दुसऱ्या रोग्याकडे वळते. आज अशा एका बाईंची ओळख आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव तुम्ही शिक्षिका म्हणून ऐकले आहे. महाराष्ट्रात ३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस 'बालिका दिन' म्हणून पाळला जातो. परंतु एका आजारी मुलाला वाचवताना त्यांनी स्वतःचा प्राण दिला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्या म्हणजे सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. हे गाव सातारा जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शाळेत घालण्याची पद्धत नव्हती. मुलीच्या हाती पुस्तक दिसले तर घरावर संकट येईल, अशी लोकांची समजूत होती. मुलींची लग्नेही फार लवकर होत. १८४० मध्ये सावित्रीबाईंचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. आज या वयाची मुले चौथीत आणि आठवीत असतात.

जोतीरावांना शिकण्याची ओढ होती. आपल्याला जे मिळाले ते पत्नीलाही मिळाले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी सावित्रीबाईंना घरीच अक्षरे शिकवली. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षणही घेतले. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल या बाई शिक्षिका तयार करण्याचे काम करत होत्या. त्यांच्याकडे सावित्रीबाईंचे प्रशिक्षण झाले. शिकवणे हेही एक शिकण्याचे काम आहे, हे येथे ध्यानात घ्या. ज्याला स्वतःला वाचता येते त्याला शिकवताही येते, असे नसते. शुश्रूषेचेही तसेच आहे. नुसती माया असून भागत नाही. जखम कशी धुवावी, कोणत्या रोग्याला वेगळे ठेवावे, हे शिकावे लागते.

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. सुरुवातीला शाळेत मोजक्याच मुली होत्या. पुण्यातील अनेकांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. सावित्रीबाई रस्त्याने निघाल्या की काही लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकत. म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर ठेवत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शाळेत पोहोचले की मळलेले लुगडे बदलायचे, हातपाय धुवायचे आणि मग मुलींसमोर उभे राहायचे.

हा प्रसंग तुम्ही अनेकदा ऐकला असेल. त्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. अंगावर शेण पडलेले असताना कोणीही रडवेले होऊन घरी परत गेले असते. सावित्रीबाई स्वच्छ होऊन वर्गात जात. मुलींना त्यांची शिक्षिका नीटनेटकी दिसली पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. पहिल्या दिवशी भीत भीत आलेल्या मुलीसाठी असे रूप फार महत्त्वाचे असते. तिला वाटते, येथे कोणीतरी धीराचे माणूस आहे.

विरोध वाढला तेव्हा जोतीरावांच्या वडिलांवर दडपण आले. १८४९ मध्ये या पतिपत्नीला घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे सांगतात. याच काळात फातिमा शेख यांची आणि सावित्रीबाईंची सोबत झाली. फातिमाबी शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या. त्यांच्याविषयी फार थोडी माहिती आज आपल्या हाती आहे. परंतु सावित्रीबाईंच्या एका पत्रात त्यांचे नाव आले आहे. त्या पत्राकडे आपण लवकरच येऊ.

शाळा एकाची दुसरी, दुसरीची तिसरी झाली. १८५१ आणि १८५२ या वर्षांत पुण्याच्या इतर पेठांतही मुलींच्या शाळा निघाल्या. १८५३ पर्यंत या शाळांतील मुलींची संख्या दोनशेच्या वर गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबाग वाड्यात समारंभ करून फुले दांपत्याचा गौरव केला. १८५५ मध्ये दिवसभर कष्ट करणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा. शाळा उघडली, शिक्षिका आली, पाटी मिळाली. एवढ्याने मूल शिकते का? नाव घातलेले मूल रोज शाळेत येईलच, असे नसते. ते का येत नाही? कधी घरी खायला नसते. कधी धाकट्या भावाला सांभाळायचे असते. कधी अंगात ताप असतो, डोळे आलेले असतात, पायाची जखम चिघळलेली असते. उपाशी मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसते, पण ते डोक्यात शिरत नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव यांना ही अडचण ठाऊक होती. मुलांची गळती थांबावी म्हणून त्यांनी मुलांना थोडी आर्थिक मदत देण्याची आणि पालकांना भेटून समजावण्याची रीत ठेवली होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मूल वर्गात का नाही, हे शोधत जी शिक्षिका त्याच्या घरापर्यंत जाते, तिला त्या घरातले दारिद्र्यही दिसते आणि आजारही दिसतो.

दुसऱ्याचे आजारपण समजायला कधी कधी स्वतःचे आजारपणही उपयोगी पडते. १८५६ मध्ये सावित्रीबाई फार आजारी पडल्या. त्या नायगावला माहेरी जाऊन राहिल्या. त्यांच्या भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी तेथून जोतीरावांना पत्र लिहिले. आपली प्रकृती आता सुधारत आहे, भावाने आपल्यासाठी फार श्रम घेतले, असे त्यांनी त्यात कळवले. याच पत्रात त्यांनी फातिमाबींची आठवण काढली आहे. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला.

या लहानशा मजकुरातून किती गोष्टी कळतात पाहा. आजारी पडल्यावर सावित्रीबाईंनी विश्रांती घेतली. आजार लपवला नाही किंवा अंगावर काढला नाही. पूर्ण बरे वाटल्यावरच पुण्याला येण्याचा त्यांचा विचार होता. एक भाऊ बहिणीच्या उशाशी बसला. सेवा हे फक्त बायकांचे काम आहे, असे मानणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणि एका शिक्षिकेच्या आजारपणात शाळा बंद पडली नाही, कारण दुसरी शिक्षिका तिच्या जागी खंबीरपणे उभी होती.

पुढील काळात फुल्यांचे घर हेच अनेक दुःखी माणसांचे आश्रयस्थान झाले. त्या काळी तरुण विधवांचे हाल फार होते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरात अशा स्त्रियांसाठी प्रसूतिगृह सुरू केले. आईचा आणि बाळाचा जीव वाचावा, हा त्यामागचा हेतू होता. तेथे येणाऱ्या स्त्रियांची देखभाल सावित्रीबाई करत. तेथेच जन्मलेल्या एका मुलाला १८७४ मध्ये त्यांनी दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. हे नाव ध्यानात ठेवा.

१८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. तुम्हांला वाटेल, पाण्याच्या हौदाचा आणि आरोग्याचा काय संबंध? फार जवळचा संबंध आहे. ज्याला स्वच्छ पाणी भरू दिले जात नाही, त्याला गढूळ पाणी प्यावे लागते. घाण पाण्यातून हगवण, पटकी यांसारखे रोग पसरतात. पाणी नाकारणे म्हणजे आरोग्य नाकारणेच होय. ज्या जालन्यात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहावी लागते, तेथील मुलांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली, लोक गाव सोडून निघाले. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून मदतीचे काम करत होत्या. तेथील लोकांची दैना त्यांनी १८७७ च्या एप्रिलमध्ये जोतीरावांना पत्राने कळवली. पुण्याजवळ धनकवडी येथे सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी 'व्हिक्टोरिया बालाश्रम' सुरू केला. आईबापांविना राहिलेल्या, भुकेल्या मुलांना तेथे अन्न मिळू लागले. आज तुम्हांला शाळेत दुपारी खिचडी मिळते. देशभर ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. भुकेले मूल शिकू शकत नाही, हा तिच्यामागचा साधा विचार आहे. हाच विचार धनकवडीच्या त्या चुलींमागे होता.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि आपला शेवटचा ग्रंथ पूर्ण केला. या दिवसांत सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान पुरुषाचा मानला जातो. त्या दिवशी सावित्रीबाई स्वतः टिटवे हातात घेऊन पुढे चालल्या. त्यानंतरही त्यांनी काम थांबवले नाही. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

यशवंत मोठा होऊन डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला. ज्या बाळाला जगात जागा नव्हती, ते आता दुसऱ्यांचे प्राण वाचवणार होते.

मुलांनो, आता आपण त्या भयंकर वर्षाकडे येत आहोत. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. रोग्याला जोराचा ताप येई. काखेत किंवा जांघेत गाठ उठे. पुष्कळ रोगी थोड्याच दिवसांत दगावत. लोक शहर सोडून पळू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. लवकरच पुण्यातही प्लेग आला.

या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. पण उंदरांच्या अंगावरील पिसवा तो जंतू माणसापर्यंत आणतात, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले. म्हणजे १८९७ च्या सुरुवातीला रोग कसा पसरतो, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती सर्वांपर्यंत पोहोचायला अजून वेळ होता.

रोगापेक्षा भीती वेगाने पसरत होती. सरकारी माणसे रोग्याला उचलून नेतील, तो परत दिसणार नाही, इस्पितळात नेऊन मारतात, अशा अफवा उठल्या. म्हणून लोक घरातला रोगी लपवू लागले. माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, मिळेल तेथे. पुण्यात १८९७ च्या मार्चच्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या, तेव्हा तर ही भीती आणखी वाढली. लपवलेल्या रोग्याला उपचार मिळत नसे आणि घरातल्या इतरांनाही धोका होई. लोक मूर्ख होते म्हणून असे वागले, असे समजू नका. ज्या हाताची ओळख नाही, त्या हातात आपले आजारी मूल कोण देईल?

अशा वेळी सावित्रीबाई उभ्या राहिल्या. त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. त्यांनी डॉक्टर यशवंत यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर, मोकळ्या जागेत, त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मुलगा औषधोपचार करी आणि आई रोग्यांना तेथे आणून त्यांची शुश्रूषा करी. सावित्रीबाई लोकांना परक्या नव्हत्या. पन्नास वर्षे त्यांनी या भागातील मुलांना शिकवले होते, दुष्काळात अन्न दिले होते, पाणी दिले होते. म्हणून त्यांच्या हाती रोगी सोपवताना लोकांना धीर येई. शिपायाला जे जमत नाही ते ओळखीच्या बाईला जमते, ते यामुळेच.

एके दिवशी त्यांना कळले, की मुंढवा गावाबाहेरच्या महार वस्तीत पांडुरंग नावाचा एक मुलगा प्लेगने आजारी आहे. तो बाबाजी गायकवाड यांचा मुलगा. लोक या वस्तीतील माणसांची सावलीही टाळत आणि प्लेगच्या रोग्याला तर घरचेसुद्धा शिवायला भीत. सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला उचलले, आपल्या पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले.

क्षणभर थांबून हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ज्या हातांनी पाटीवर अक्षरे गिरवून घेतली, तेच हात तापाने फणफणलेल्या मुलाचे पाय घट्ट धरून चालत आहेत. ओझे पाठीवर आहे आणि वय झालेले आहे. या मुलाला हात लावावा की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शुश्रूषेची पहिली पायरी स्पर्श हीच आहे. ज्याला आपण शिवणार नाही त्याची सेवा आपण करू शकत नाही.

तो मुलगा वाचला, असे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तुम्ही विचाराल, सावित्रीबाई तर शिक्षिका. शाळेतल्या नर्सशी त्यांचा काय संबंध? सावित्रीबाईंच्या निधनानंतर पाच वर्षांनी दूर अमेरिकेत काय घडले ते पाहा, म्हणजे उत्तर मिळेल.

न्यूयॉर्क शहरात तेव्हा डॉक्टर शाळांत जाऊन मुलांना तपासत. कोणाच्या डोळ्यांत खुपऱ्या, कोणाच्या डोक्यात उवा, कोणाच्या अंगावर गजकर्ण. अशा मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवत. घरी आईबाप गरीब. पुष्कळांना तर चिठ्ठीची इंग्रजी भाषाच येत नसे. उपचार कोणी करत नसे. मूल दिवसभर रस्त्यावर खेळे आणि त्याची शाळा बुडे. तेव्हा लिलियन वाल्ड नावाच्या नर्सबाईंनी सुचवले, की शाळेतच एक नर्स ठेवून पाहा. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स या नर्सने चार शाळांत काम सुरू केले. त्या शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले होती. लीनाबाई शाळेतच जखम धूत, डोळ्यांत औषध घालत आणि मुलाला परत वर्गात बसवत. मग त्या मुलाच्या घरी जाऊन काय करायचे ते आईला हाताने करून दाखवत. काम पाहून शहराने आणखी नर्स नेमल्या. १९०२ च्या सप्टेंबरात आजारामुळे १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवले गेले होते. १९०३ च्या सप्टेंबरात ही संख्या १,१०१ झाली.

औषध तेच होते आणि मुलेही तीच होती. फरक एवढाच पडला, की चिठ्ठीच्या जागी एक माणूस आले. ते माणूस मुलाला ओळखत होते, त्याच्या घरी जात होते आणि त्याला शिवायला भीत नव्हते. सावित्रीबाईंच्या दवाखान्यात हेच घडले होते.

आपल्या देशात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली. तेथे सयाजीराव गायकवाड महाराजांचे राज्य होते. त्यांनी आपल्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. शाळा सक्तीची केली की मुलांच्या तब्येतीची जबाबदारीही येते, हे त्या राज्याने ओळखले.

आपल्याकडच्या बहुतेक शाळांत आजही पूर्णवेळ नर्स नसते. पण २०१३ मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. पथकात डॉक्टर असतात, औषध देणारे असतात आणि एक परिचारिका असते. तुमचे वजन, उंची, डोळे, दात, कान तपासले जातात. हृदयाला जन्मतः छिद्र असेल किंवा ओठ दुभंगलेला असेल, तर पुढील उपचारासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. रक्त वाढावे म्हणून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. २०२० पासून केंद्र सरकारच्या आणखी एका कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. म्हणजे शिक्षकाने शिकवावे आणि मुलाच्या प्रकृतीकडेही पाहावे, हा सावित्रीबाईंचा मार्ग पुन्हा शाळेत आला आहे.

पण पथक वर्षातून एक दिवस येते. उरलेले दिवस काय करायचे? येथे तुमचे काम सुरू होते.

पहिली गोष्ट, आजार लपवू नका. फळ्यावरचे दिसत नसेल तर शेजारच्याच्या वहीतून उतरवून वेळ मारून नेऊ नका. चश्मा लागेल म्हणून लाज वाटते का? सकाळी काही न खाता आल्यामुळे चक्कर येत असेल, तर तेही सांगा. मुलींनो, तुमच्या तब्येतीच्या काही गोष्टी सर्वांसमोर सांगता येत नाहीत. त्या बाईंना किंवा पथकातील नर्सला एकीकडे सांगा. अशा गोष्टी जपून ठेवणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याच्या आजाराला हसू नका. एखाद्याच्या डोक्यात उवा सापडल्या, एखाद्याच्या हातावर खरूज दिसली, की वर्गात कुजबुज सुरू होते. मग ते मूल पुढच्या तपासणीला घरीच राहते. १८९७ मध्ये लोक रोगी का लपवत होते, हे तुम्ही आताच वाचले. त्याचे कारण भीती हे होते. आपल्या वर्गात ते काम हसणे करते. उवा आणि खरूज औषधाने जातात. हसण्याने झालेली जखम लवकर बरी होत नाही.

तिसरी गोष्ट, अफवेवर विश्वास ठेवण्याआधी विचारा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातील शाळांत गोवर आणि रुबेला या रोगांची लस देण्याची मोहीम झाली. लशीविषयी कोणाच्या मनात शंका आली, तर तिला दोष देण्याचे कारण नाही. शंका विचारली की तिचे उत्तर मिळते. मनात ठेवली की तिची अफवा होते. घरात मराठीतील सूचनापत्रक कोणाला वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा आणि उर्दूत समजावून सांगा. मराठी शिकण्याचा असाही एक उपयोग आहे. न्यूयॉर्कच्या त्या घरांत चिठ्ठी वाचणारे कोणी असते, तर कितीतरी मुलांची शाळा बुडाली नसती.

सावित्रीबाईंच्या नावाने आज पुण्याचे विद्यापीठ ओळखले जाते. हे नाव २०१४ मध्ये देण्यात आले. ३ जानेवारीला आपण त्यांची जयंती उत्साहाने साजरी करतो. त्यांच्या स्मृतीचा दिवस, १० मार्च, मात्र परीक्षेच्या धामधुमीत येतो आणि तसाच निघून जातो. या वर्षी त्या दिवशी हार, भाषण काही नको. हजेरी झाली की वर्गात नजर फिरवा. कोणाची जागा दोन-चार दिवस रिकामी आहे ते पाहा. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा, त्याची प्रकृती विचारा, बुडालेला अभ्यास सांगा. आणि त्याला खरेच बरे नसेल, तर दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी आपल्या शिक्षकांना कळवा.